बरं वाटतंय, मग नागपूरला कशाला? लिव्हर सिऱ्होसिस आणि योग्य वेळी योग्य डॉक्टर

“मले काहीच तरास नाही डॉक्टरसाहेब, मंग नागपूरले काहून जाऊ?”

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी काकांनी मला हे विचारलं तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापूस वेचणीला आला होता. काका माळकरी. आयुष्यात दारूचा थेंब नाही. दहा वर्षांपासून मधुमेह. पोटात दुखलं म्हणून मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तर खडा बारीकच निघाला, पण रिपोर्टमध्ये लिव्हर खडबडीत आणि प्लीहा वाढलेली असं लिहून आलं. रक्तात प्लेटलेट्स ८५ हजार. मी त्यांना सांगितलं की हा लिव्हर सिऱ्होसिस दिसतोय, नागपूरला लिव्हरच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, दुर्बिणीने तपासणी करून घ्या. त्यांनी वरचा प्रश्न विचारला. ओपीडीत गर्दी होती, मीही फार ताणून धरलं नाही. “बरं, कापूस झाला की जा,” म्हणालो.

पुढच्या वर्षी पौषातल्या एका रात्री काकांना रक्ताची उलटी झाली. घरच्यांनी गाडी केली ती थेट नागपूरसाठी. वाटेत दुसरी उलटी झाली, काका बेशुद्ध पडले, तेव्हा कुठे गाडी यवतमाळात थांबवली. काका वाचले. पण ते नशिबाने वाचले, आमच्या कुणाच्या शहाणपणामुळे नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. ती काकांची होती, तशी माझीही होती. आपल्या जिल्ह्यात सिऱ्होसिसच्या बाबतीत आपण नेमकं उलटं वागतो. बरं असतो तेव्हा घरी बसतो आणि जीव धोक्यात आला की १५० किलोमीटर धावतो. माझं स्पष्ट मत असं आहे, की लिव्हरच्या तज्ज्ञाकडे बरं असताना जायचं आणि तातडीच्या वेळी आधी जवळच्या दवाखान्यात जायचं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत, तरी लेख वाचल्याचं सार्थक झालं.

“बरं वाटणं” फसवं का असतं?

लिव्हरला, म्हणजे यकृताला, वर्षानुवर्षे इजा होत राहिली की आत व्रण तयार होतात. जखम भरल्यावर कातडीवर जसा कडक वण राहतो, तसंच. असे वण साचत गेले की मऊ लिव्हर कडक आणि गाठीगाठींचं होतं. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. बोलीत आपण “लिव्हर सुकलं” म्हणतो.

लिव्हरची राखीव ताकद मोठी असते. बराचसा भाग खराब झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यात माणूस शेतात जातो, जेवतो, झोपतो. थोडा थकवा आला तर वय झालं म्हणून सोडून देतो. या टप्प्यात रोग सापडला आणि नीट सांभाळला, तर माणूस दहा-बारा वर्षं, कित्येकदा त्याहूनही जास्त जगतो. दुसरा टप्पा सुरू होतो तो पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, कावीळ किंवा भ्रम यांपैकी काहीतरी झाल्यावर. त्यानंतर मूळ कारणावर उपचार झाला नाही, तर सरासरी आयुष्य दोनेक वर्षांवर येतं.

म्हणजे पहिल्या टप्प्यातला माणूस दुसऱ्यात जाऊ नये, हीच खरी लढाई आहे. आणि ती “मले काहीच तरास नाही” म्हणण्याच्या काळातच लढायची असते.

“मी पीत नाही, मग मला कसा झाला?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. दारू हे मोठं कारण आहे, यात वाद नाही. पण मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्याबरोबर येणारं फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच लिव्हरवर केलेला हल्ला, तांबं साठण्याचा विल्सन आजार, या सगळ्यांतून सिऱ्होसिस होतो. ज्यांना सिकलसेलसारख्या आजारामुळे पूर्वी अनेकदा रक्त चढवावं लागलं, त्यांनी हिपॅटायटिसची तपासणी नक्की करून घ्यावी.

“सिऱ्होसिस म्हणजे दारुडा” या समजुतीने दुहेरी नुकसान होतं. न पिणारा माणूस लाजेने आजार लपवतो, आणि पिणाऱ्याचं खरं कारण कधी शोधलंच जात नाही. दारू पिणाऱ्याला हिपॅटायटिस बी होऊ शकत नाही असं थोडंच आहे!

तज्ज्ञ नेमकं काय करतो?

“तिथे जाऊन तरी काय, गोळ्याच देतील,” असं लोक म्हणतात. बरं असताना केलेल्या भेटीत चार कामं होतात.

पहिलं, कारण शोधणं. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बहुतेकांना उपचार १२ आठवडे लागतात. हिपॅटायटिस बी रोजच्या एका गोळीने दाबून ठेवता येतो. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. कारण थांबलं की लिव्हर काही प्रमाणात सावरतं.

दुसरं, एंडोस्कोपी. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणारं रक्त अडतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या कधी फुटतील हे बाहेरून कळत नाही. दुर्बिणीतून त्या दिसल्या, तर कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देऊन किंवा शिरांना रबरी बँड लावून रक्तस्राव आधीच टाळता येतो. काकांच्या बाबतीत हेच राहून गेलं.

तिसरं, कॅन्सरवर नजर. सिऱ्होसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरचा धोका असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी ही रक्ताची तपासणी. लहान गाठ सापडली तर इलाज होतो, पोटाला हात लावल्यावर लागणारी गाठ सापडली तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

चौथं, हिशोब मांडणं. बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर आणि सोडियम या साध्या रक्ततपासण्यांवरून मेल्ड नावाचा गुणांक काढतात. तो साधारण १५ च्या वर गेला किंवा पोटात पाणी, रक्तस्राव, भ्रम यांपैकी काही एकदा जरी झालं, तर लिव्हर प्रत्यारोपणाबद्दल बोलायला हवं. बोलायला हवं, म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. पण शेवटच्या आठवड्यात आयसीयूतून विचारण्याचा हा प्रश्न नाही.

फक्त पाणी काढणं हा उपचार नव्हे

आपल्याकडे एक ठरलेलं चक्र आहे. पोट फुगलं की कुठेतरी जायचं, सुईने पाणी काढायचं, हलकं वाटलं की घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि दर वेळी डॉक्टर वेगळा. यात रोगी हळूहळू खंगत जातो.

पोटात पहिल्यांदा पाणी झालं की त्यातलं थोडं पाणी तपासायला पाठवलंच पाहिजे. त्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असला तर ताप किंवा दुखणं नसतानाही जीव जाऊ शकतो, आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर वाचतो. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढायचं असेल तर सोबत अल्ब्युमिन द्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब आणि किडनी ढासळते. लघवीच्या गोळ्यांचा डोस सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघून ठरवायचा असतो. म्हणून पुढच्या वेळी “पाणी काढून द्या” एवढंच म्हणू नका, “पाणी तपासायला पाठवलं का?” हेही विचारा. असा प्रश्न विचारल्यावर चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

योग्य डॉक्टर कसा ओळखायचा?

दवाखान्याच्या पाटीवर “लिव्हर स्पेशालिस्ट” लिहिलेलं असणं पुरेसं नाही. नावापुढे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी किंवा हेपॅटॉलॉजीतली डी.एम. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का ते बघा. हेपॅटॉलॉजी म्हणजे फक्त लिव्हरचं शास्त्र. मी स्वतः फिजिशियन आहे. मधुमेह, बीपी, ताप बघतो. सिऱ्होसिसचे रोगी रोज सांभाळतो, पण वरची सगळी कामं माझ्या एकट्याच्या हातात नाहीत, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा आणि लांबरुंद. वणीच्या माणसाला चंद्रपूर-नागपूरची वाट सोपी, उमरखेडच्या माणसाला नांदेडची, दारव्हा-नेरच्या माणसाला अमरावतीची. सरकारीत जायचं असेल तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सुपरस्पेशालिटी रुग्णालय आणि एम्स आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. जाण्याआधी पोट आणि लिव्हरची सुपरस्पेशालिटी ओपीडी कोणत्या वारी असते ते फोन करून विचारा. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी वाया जाऊ देऊ नका.

दोन डॉक्टर, एक फाईल

दर महिन्याला नागपूरला जाण्याची गरज बहुतेकांना नसते, आणि ते परवडणारंही नाही. तज्ज्ञाने दिशा ठरवून द्यायची आणि तीन ते सहा महिन्यांनी बघायचं. मधल्या काळात वजन, बीपी, रक्ततपासण्या, गोळ्यांचे डोस तुमच्या जवळच्या फिजिशियनने बघायचे. “अडचण आली तर आमच्या गावच्या डॉक्टरांनी तुम्हाला फोन केला तर चालेल का?” हे तज्ज्ञाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आणि एक फाईल ठेवा. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, पहिल्या पानावर औषधांची यादी, शेवटच्या एंडोस्कोपीची आणि सोनोग्राफीची तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद रात्री दोन वाजता कुणालाच वाचता येत नाहीत.

घरात काय सांभाळायचं?

सिऱ्होसिसच्या रोग्याला उपाशी ठेवणं ही आपल्याकडची सगळ्यात घातक माया आहे. डाळ बंद, तेल बंद, पिवळं म्हणून हळद बंद, नुसता उसाचा रस आणि ग्लुकोज. याने रोग्याचे स्नायू झडतात आणि तो आणखी लवकर खचतो. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या शेतात तूर आणि सोयाबीन पिकतं, ते विकून रोग्याला पेज पाजू नका. वरण, उसळ, दूध, दही, अंडी चालत असतील तर अंडी, सगळं द्या. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायलाच हवं: दूध-पोळी, मूठभर फुटाणे, काहीही. निर्जळी उपवास नको. काकांनाही मी सांगितलं की एकादशी दूध, दही, शेंगदाणे खाऊन करा, पांडुरंग रागावणार नाही.

पोटात किंवा पायांत पाणी असेल तर मीठ दिवसभरात एका सपाट चहाच्या चमच्याएवढंच, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांतलं मीठही त्यातच मोजायचं.

अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, आणि कुणाकडून दुखण्याची सुईही टोचून घेऊ नका. याने किडनी बंद पडू शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. झोपेच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

शौचाला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ व्हावी म्हणून दिलेलं लॅक्टुलोजचं औषध “पोट साफ आहे” म्हणून थांबवू नका. ते बद्धकोष्ठासाठी नसतं, मेंदूपर्यंत विषारी द्रव्यं पोचू नयेत म्हणून असतं.

आता झाडपाल्याबद्दल. काविळीची माळ घातली की ती लांबत जाते आणि कावीळ उतरली म्हणतात. माळ लांबते ती दोऱ्याची गाठ सैल होत जाते म्हणून. ज्यांची कावीळ आपोआप बरी होणारी असते, त्यांना माळेने गुण आला असं वाटतं. सिऱ्होसिसमधली कावीळ तशी नसते. माळेने नुकसान नाही, पण त्यात गेलेला महिना परत मिळत नाही. पोटात घेतलेल्या पाल्याने मात्र नुकसान होऊ शकतं. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद आपण बाजूला ठेवू. माझं म्हणणं एवढंच, की ज्याचं लिव्हर आधीच काठावर आहे त्याने स्वतःवर प्रयोग करू नये.

या वेळी वाट पाहू नका

- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच
- दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हात थरथरणं, नाव-गाव न आठवणं
- पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी
- लघवी एकदम कमी होणं
- कावीळ झपाट्याने वाढणं

अशा वेळी १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. यवतमाळच्या आसपास असाल तर श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. तिथे सलाईन, रक्त, रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक सुरू होऊ द्या. रोगी स्थिर झाला की मग पुढे हलवा. रक्त जात असलेल्या माणसाला गाडीत आडवं टाकून नागपूर गाठणं म्हणजे नशिबाशी जुगार. काकांच्या घरच्यांनी तेच केलं होतं, मायेपोटी.

पिणाऱ्या भावांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी स्वामिनी अभियानातून दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. ज्याला व्यसनाची पकड एवढी आहे, त्याला “मनावर घे” म्हणून भागत नाही. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे औषध आहे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. पण सोडा. पोटात पाणी झालेले रोगीही दारू पूर्ण सुटल्यावर सावरलेले मी पाहिले आहेत. आणि डॉक्टरांनो, “पितो ना, मग भोगेल” हे वाक्य आपण आपल्या तोंडातून काढून टाकायला हवं.

पैशाचं काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ती मुख्यतः दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. प्रत्यारोपण महाग आहे, पण ते आता फक्त मुंबई-चेन्नईची गोष्ट राहिलेलं नाही. नागपुरातही होतं, आणि विदर्भातल्या अवयवदानाची प्रतीक्षायादी तिथलंच विभागीय समन्वय केंद्र सांभाळतं. जवळच्या नातेवाइकाला आपल्या लिव्हरचा भाग देता येतो, आणि देणाऱ्याचं उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठीही अर्ज करता येतो. या सगळ्याला वेळ लागतो. वेळ फक्त त्यालाच मिळतो, जो लवकर जातो.

सरकारकडून माझी एक मागणी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक तरी ठरलेला दिवस लिव्हर ओपीडीचा असावा. नागपूरचा तज्ज्ञ इथे यावा, किंवा निदान व्हिडिओवरून इथल्या डॉक्टरांसोबत रोगी बघावा. शेकडो रोग्यांनी नागपूरची वारी करण्यापेक्षा एका डॉक्टरने इकडे येणं स्वस्त आहे.

ते होईपर्यंत हे आपल्यालाच करायचं आहे. काका आता दर सहा महिन्यांनी नागपूरला जातात. त्यांच्या शिरांना तीनदा बँड लावून झाले, साखर ताब्यात आहे, यंदा कापूसही त्यांनी उभं राहून वेचून घेतला. मागच्या भेटीत मीच गमतीने विचारलं, “काका, तरास नाही, तर नागपूरले काहून जाता?”

“तरास होऊ नये म्हणून,” काका म्हणाले.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर “लिव्हर खडबडीत” किंवा “सिऱ्होसिस” असा शब्द असेल, तर तो रिपोर्ट आज कपाटातून बाहेर काढा. कापूस निघण्याची वाट पाहू नका.